भिंतीकडून चाला

डुबुक... एवढाच आवाज, पस्तीस वर्षांपूर्वीचा, पण अजून कानातून जात नाही, आणि आमची सून विचारते, बाबा, बागेचा आराखडा आवडला नाही का, तोंड असं का केलंत? आता हिला काय सांगू? तुम्हाला सांगतो, मी कमी बोलणारा माणूस, चौथीपर्यंत शिकलेला, कागदावरचं मला कळत नाही, पण त्या कागदावर तिने जिथे जिथे पेन्सिल टेकवली ना, तिथे तिथे माझं तोंड वाकडं झालं. ही पायवाट, हे भाजीचे वाफे, हा वेलांचा मांडव, आणि अगदी मधोमध आईंसाठी बाक. आई म्हणजे तिच्या सासूबाई, म्हणजे आमची ही. बाक कसला, तर दगडी! अगं बाई, लाकडी चालला नसता? वेताची खुर्ची चालली नसती?

कारण त्या जागेत कुठेतरी विहीर आहे. घाबरू नका. म्हणजे घाबरा, पण ऐका.

मुलगा रांगायला लागला तेव्हा ही म्हणाली, मागची विहीर बुजवा, तोवर मी या घरात पाऊल ठेवणार नाही, आणि पोराला घेऊन माहेरी गेली. बरोबर होतं तिचं. मी दगड जमवले, माती आणली, पहिली पाटी उचलून कठड्याशी गेलो, आणि आतून... डुबुक. वाकून बघतो तर कासव. ताटाएवढं. माझ्याकडे बघत होतं हो! आता त्याच्या डोक्यावर माती कशी टाकायची? आठ दिवस बादली सोडली त्याला वर काढायला. बादली पाण्याला टेकली की ते डुबुक, बादली वर घेतली की हे वर. नवव्या दिवशी हिचा निरोप, उद्या येते. मग काय करता? कठडा काढला, आडवे वासे टाकले, त्यावर घराच्या जुन्या मागच्या दाराची दोन्ही कवाडं टाकली, वर माती लोटली, आणि सांगितलं, बुजवली. आयुष्यात एकच खोटं बोललो, पण ते विहिरीएवढं.

तेव्हापासून ही बिनधास्त. ओल्या कपड्यांची बादली घेऊन सरळ मधून चालते. मी म्हणतो, अगं, भिंतीकडून चाल. ती म्हणते, का? मी म्हणतो, गवत मरतं. पाहुणे आले, भिंतीकडून चाला. पोस्टमन आला, अहो, भिंतीकडून. सगळ्यांना वाटतं, म्हाताऱ्याला गवताचं वेड. कसलं गवत हो, इथे जीव मुठीत धरून पस्तीस वर्षं काढली!

आणि खरी भीती पुढेच आहे. विहीर नेमकी कुठे, ते मलाच आठवत नाही. लिंबाच्या झाडापासून सात पावलं मोजून ठेवली होती. झाड वादळात पडलं, बुंधासुद्धा कुजून गेला, आणि पावलं तरी तेव्हाची कुठे राहिली? आताची माझी दोन मिळून तेव्हाचं एक.

सुनेने खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, चुना टाकला. दुपारी घर आडवं झालं की मी बाकाच्या खुंट्या उपटून दोन हात डावीकडे ठोकायचो. मग वाटायचं, डावीकडेच असली तर? दुसऱ्या दुपारी उजवीकडे. ती बिचारी टेप लावायची, कागद बघायची, पुन्हा टेप लावायची. शेवटी मला म्हणाली, "बाबा, आपल्या खुंट्या चालतात का हो?" मी मनात म्हटलं, चालू देत गं, फक्त भिंतीकडून चालू देत.

काठी आपटून पाहिली. घाबरलेल्या माणसाला सगळीच जमीन पोकळ वाजते. मग जमिनीला कान लावून पालथा पडलो, तर ही धावत आली, मधूनच, चक्कर आली का हो, पाणी आणू का? मी पडल्या पडल्या म्हटलं, आण, पण भिंतीकडून जा.

सांगायला हवं होतं, कळतं मला. चारदा तोंड उघडलं. पण जिने माझ्या एका शब्दावर विसंबून त्या मातीवर पोर खेळवलं, तिला तो शब्द पोकळ होता हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

आज सकाळी गवंडी आला. ही मधोमध उभी, बाकाचं तोंड कुठे करायचं ते ठरवत. इकडे तोंड केलं तर फाटक दिसेल, तिकडे केलं तर स्वयंपाकघर, असं करत फिरत होती आणि दर दिशेला जमीन पायाने दाबून बघत होती. गवंड्याने तिच्या पुढ्यात पहार मारली. ठक्क. दगडाचा नव्हे, लाकडाचा आवाज. त्याने माती सारली, हिरवा रंग दिसला, कडी दिसली.

"काका," तो म्हणाला, "इथे दार आहे."

ही वाकली, कडी हातात धरली. कडीला तार गुंडाळलेली होती, तिनेच गुंडाळलेली. ओळखलं तिने. "हे आपलं मागचं दार. सुताराला दिलं म्हणाला होतात." हां, हे दुसरं खोटं, हे मी विसरलोच होतो.

मी म्हटलं, "तू आधी भिंतीकडे ये, मग सांगतो."

"आधी सांगा."

"अगं, ये ना."

"सांगा."

आणि ही उभी त्याच दारावर! ही वर, पाणी खाली, आणि मध्ये एक कुजकं दार आणि माझं तोंड. दार किती वेळ टिकेल ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून तोंड उघडलं.

"बुजवली नाही गं. आत कासव होतं."

गवंडी पहार टाकून केव्हाच भिंतीला चिकटला होता. सुनेने कागदाची घडी केली, उघडली, परत घडी केली. हिने माझ्याकडे पाहिलं, मग पायांखाली पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल... बोलली असती तर बरं झालं असतं हो. तिने कडी अलगद सोडली, दारावरून एक पाय उचलला, मग दुसरा, आणि घराकडे निघाली.

पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच... भिंतीकडून.