गाय दोन पायावर

भोकरदनच्या स्टँडवर जालन्याच्या बसची वाट पाहत बसलेल्या ज्योत्स्नाबाईंच्या कानावर शेजारच्या बाकावरचं बोलणं पडत होतं. बोचकी पायाशी ठेवून एक म्हातारं जोडपं मोबाइलवर जनावरांचं जुनं कार्टून पाहत होतं.

“आवं, गाय बघा कशी दोन पायावर नाचून राह्यली!”

“अशी गाय आसती का कुठं? मंग दूध काय उभ्यानं काढायचं?”

“हसायचं आसतंय ते. आन् कोंबडा बघा, मालकाच्या डोक्यावर बसला.”

“मालकच येडा हाय. जनावराला इतकं डोक्यावर घेऊ न्हाई.”

“तुमी न्हाई घेतलं. शनवारी बाजारात इकून मोकळे झाले.”

“मंग पोराच्या फ्लॅटात तिसऱ्या मजल्यावर बांधायची का चांदीला?”

“मी कुठं काय म्हन्ले?”

ज्योत्स्नाबाईंनी नजर वेळापत्रकाच्या पाटीकडं वळवली.

“बघा, इकलेली गाय दावं तोडून वापस आली. मालक रडून राह्यला.”

“कार्टूनात येतीच.”

“संपलं बी.”

तेवढ्यात बस लागली. ज्योत्स्नाबाई पिशवी घेऊन उठल्या.

“आवं, उठा जल्दी. जालना लागली.”

“जाऊ दे. मागून दुसरी हाय.”

“आन् तवर काय करायचं?”

“पुन्यांदा लाव. ती वापस येती, तिथून.”