मंगळावरची सखू

पौडच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक बाई गुडघा चोळत बसली होती. शेजारी तिची भाची होती.

“आत्या, यंदा तुला शूटिंगला गर्दीत हुभं ऱ्हायला न्हाई बोलावलं?”

“न्हाई. गेल्या साली तुला कॉम्प्युटरात घेतलीय म्हणले, आता माणसं नकोत.”

“घेतलीय म्हंजी?”

“तंबूत हुभी केली. चौफेर कॅमेरे. हस म्हणले, रड म्हणले. तू मंगळावरच्या गावातली बाई हायेस म्हणले.”

“कागदावर सही केलीस?”

“अंगठा दिला. दोन दिसांचा रोज दिला त्यांनी.”

“ती मंगळाची शिरीज आलीय. हे बघ मोबाईलवर. ही तू. ही पण तू. त्या टाकीवर पाणी भरणाऱ्या धाच्या धा तूच.”

“लुगडी निराळी हायेत की.”

“तोंड एकच हाय. पुण्यातली पोरं लई भांडत्यात त्याच्यावर. असल्या गोष्टी बघणारीच पोरं. म्हणत्यात, माणूस एकदा बोलवायचा आन् जल्मभर वापरायचा, हे बरं न्हाई.”

“थांब. ही पळतीया ती कोण?”

“तूच. वादळ येतंय, म्हणून पोर काखेत घेऊन डोंगर चढतीयास.”

“परत लाव.”

“लावलं.”

“अजून एकदा.”

“चार वेळा झालं आत्या. काय बघतीयास?”

“पाय.”

आतून नर्सनं हाक मारली, “सखूबाई कोण? गुडघेवाल्या?”

“चल, नंबर आला. ठेवते मोबाईल.”

“बंद करू नको. पळू दे तिला. मला हात दे.”