फेफऱ्याची दारू झाल्याबाबत

दिनांक १२ मार्च १९५४, शुक्रवार

मी, सौ. पद्मजा नंदकिशोर राजाध्यक्ष, वय २७ वर्षे, धंदा घरकाम, राहणार अंधेरी पूर्व, समक्ष विचारल्यावरून सांगते की, वरील ठिकाणी मी पती व सासूबाईंसह चाळीत राहते. पती सिनेमाच्या स्टुडिओत पडदे रंगवतात. त्यांना लहानपणापासून फेफरे येते. लग्न ठरताना आम्हाला पित्त असे सांगण्यात आले होते.

इलाज काय केले असे विचारल्यावरून सांगते की, इलाज पुष्कळ झाले. वैद्यांनी नाकात रस पिळला. एका महाराजांनी अंगारा दिला. घरच्या डॉक्टरांनी सासूबाईंना सांगितले, "लग्न करून द्या, आपोआप थांबेल." ते औषध म्हणजे मी. सहा वर्षे चालू आहे, गुण नाही. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत या रोगाचा दवाखाना असल्याचे ऐकिवात नाही. शहरातल्या मोठ्या इस्पितळात गुरुवारी एक डॉक्टर पाहतात. त्यांच्या गोळ्यांनी बराच आराम पडला. विलायतेत आणखी चांगल्या गोळ्या निघाल्या आहेत, असेही ते म्हणाले. विलायतेतल्या लोकांबद्दल आनंद वाटला.

आज संध्याकाळी आम्ही बाजारात भाजी घेत असता पती ओरडून खाली कोसळले व हातपाय झाडू लागले. मी त्यांना कुशीवर वळवते आहे तोच पब्लिकने मदत सुरू केली. एकाने कांदा फोडून नाकाशी धरला, दुसऱ्याने पायातली वहाण.

काही वेळाने पती उठून उभे राहिले. अशा वेळी त्यांना काही समजत नाही, जीभ अडखळते, झोक जातो. तेवढ्यात हवालदार मार्तंड साटम आले व म्हणाले, "काय रे, कुठली मारलीस?" पती म्हणाले, "निळी." ते सध्या आभाळाचा पडदा रंगवत आहेत. हवालदारांनी त्यांचे तोंड हुंगले. वास टर्पेंटाइनचा, तोही सदऱ्याला होता.

मी म्हटले, "अहो, हे फेफरं आहे, दारू नाही."

हवालदार म्हणाले, "बाई, प्रत्येकाची बायको हेच म्हणते."

प्रत्येकाच्या नवऱ्याला फेफरे येत असल्यास मला माहीत नाही.

दारूबंदी मोडली म्हणून पतींना ठाण्यावर नेऊन कोठडीत घातले. खिशातल्या गोळ्या नशेच्या म्हणून जप्त केल्या. संध्याकाळची एक तरी देऊ द्या, अशी मी विनंती केली. त्याने पुरावा कमी होतो असे कळले. पुरावा शाबूत राहिला व पती कोठडीत पुन्हा पडले. मी गजांबाहेरून "कुशीवर वळवा" म्हणून ओरडत होते. दार बंद असल्याने किल्ली शोधणे चालू होते. आत असलेल्या एका हातभट्टीवाल्याने त्यांना वळवले व स्वतःची टोपी डोक्याखाली दिली. तोवर कपाळावर खोक पडली होती.

मग इन्स्पेक्टरसाहेबांनी डॉक्टर बोलावला. पती दारू प्यालेले नाहीत, असा दाखला डॉक्टरांनी दिला. फेफऱ्याचे काय करू, असे मी विचारले. "शहरात न्या," म्हणाले. पतींना सोडण्यात आले. गोळ्या मात्र तपासणीस गेल्या असून त्या कधी सुटतील हे कोणी सांगत नाही. गुरुवार अजून लांब आहे.

शुद्धीवर आल्यावर पतींनी विचारले, "पद्मा, चाळीत कुणाला कळलं नाही ना गं?" मी नाही म्हणाले. निम्मी चाळ ठाण्याच्या दारात उभी आहे.

माझा जबाब मला मराठीत वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. अखेरीस लिहिलेले "माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही" हे वाक्य मी सांगितलेले नाही. ते माझ्या हाताने खोडले असून खोडल्या जागी सही केली आहे.

सौ. पद्मजा नंदकिशोर राजाध्यक्ष