बाप निजामाच्या चौकीवर होता

काय सांगू तुमाला, माजं माहेर आष्टीकडं, निजामाच्या हद्दीच्या पार कडंला, वढा वलांडला की इंग्रजाचा मुलूख. माजा बाप किसन, चौकीवर शिपाई हुता, म्हणून गाव त्याच्या नावानं थुकायचं. अन् खरं काय हुतं? धाड निघायची असली की बाप घरी येऊन आईला सांगायचा, आई मला संगं घिऊन धुण्याच्या निमतानं वढ्यावर जायची, तितं गावच्या शाळेच्या मास्तराच्या कानावर घालायची, अन् मास्तर निजामाच्या इरुद्ध चळवळीतल्या पोरांना वढ्यापल्याड काढून द्यायचा. ही तिघंच, मी तर नकळतं पोर. चौथ्याला पत्ता न्हाई, का म्हणाल, तर चौथा फुटला असता तर बाप झाडाला लटकला असता.

पर मास्तरच गेला, गोळी लागून, अन् लगीच निजामाचं राज बी गेलं. लोकं गुलाल उधळीत आमच्या दारात आली, बापाला वढून काढलं, तोंडाला काळं फासलं. बाप म्हणला, मास्तरला इचारा. मेलेल्याला काय इचारणार? आई बोंबलली, अरं तुमची लेकरं कुणामुळं वाचली, तर म्हणले, मास्तरामुळं. मी आईचा पदर धरून हुते, समदं बघितलंय. मग आमी धारूरला आलो, बापानं जल्मभर खडी फोडली, गावाचं नाव काढलं न्हाई.

आता परवा नात मोबाइलवर कोरियाचा सिनेमा बघत बसलेली. म्हणली, आजी, ह्यांच्यावर जपानचं राज हुतं, हा गडी जपान्यांच्या पोलिसात हाय, पर आतून आपल्या लोकांचा हाय. अन् लागली रडाया. माजं टकुरंच फिरलं. म्हणलं, बये, त्या परक्यासाठी रडती, तुज्या पणज्यासाठी कोण रडलं गं? मग तिला समदं सांगितलं.

तिनं गाडी करून मला गावाला नेलं. तितं मास्तराच्या नावाची कमान हाय. सरपंच चांगला पोरगा, चहा पाजला, म्हणला, आजी, खरं असंल तुमचं, पर सबूत काय? अरं बाबा, सबूत ठिवला असता तर बाप जित्ता ऱ्हायला असता का? तवा म्हणला, ग्रामसभेत घेतो इषय. घेतला न्हाई, आता नातीचा फोन बी उचलीत न्हाई.

मास्तरावर माजा राग न्हाई, त्यानं तर जीव दिला. राग ह्याचा येतो की बापानं सोंग इतकं बरूबर वठवलं, आपल्याच माणसांनी ते कायमचं खरं धरलं. लई चीड येती बगा, पर कुणावर काढू? बघितलेलं माणूस मीच एक उरले, मी गेले की संपलं. असू द्या. तुमी एवढ्या उन्हात आलात, बसून ऐकलंत, एवढं बी कुणी केलं न्हवतं. भलं हो तुमचं. आता भाकर खाऊनच जावा.