गोडा समुद्र

(जानेवारीतली दुपार. स्वीडनच्या उत्तर टोकाकडलं लुलेओ गाव. गावाबाहेर बर्फाची सपाट वाट. पोर्तुगालहून लेकीकडे नाताळाला आलेली दिओलिंदा घसरगाडीच्या खुर्चीत घोंगडी गुंडाळून बसली आहे. मागून ढकलते आहे नात बेनेदिता, बाजूने केकचा डबा घेऊन चालते आहे लेक ग्रासा.)

दिओलिंदा: जोरात ढकल गं. ती कुत्रेवाली बाई पुढे गेली बघ आपल्या.

बेनेदिता: मघाशी तूच म्हणालीस, हळू ने, हाडं खिळखिळी होतील.

दिओलिंदा: ते मघाशी. आता बसलीत हाडं जागच्या जागी. ग्रासा, जन्मात असा नाताळ केला नाही बघ मी. आपल्याकडे नुसता पाऊस आणि न वाळणारे कपडे.

ग्रासा: आणि विमानात बसायच्या आधी केवढा तमाशा केलास. दर वर्षी आम्हीच यायचं का गं तिकडे?

दिओलिंदा: आले ना आता? बरं, हे एवढं मोठं शेत कुणाचं? मघापासून चाललोय, एक झाड नाही की कुंपण नाही.

ग्रासा: असेल कुणाचं तरी. बेने, टोपी कानावर ओढ.

बेनेदिता: शेत? आजी, हा समुद्र आहे.

ग्रासा: बेने...

बेनेदिता: काय झालं? बाबा बेटावरच्या घरी गेलेत ना पुढे? मग बेटावर समुद्रावरूनच जाणार आपण. खाली पाणी आहे, वर बर्फ. इथून मोटारीपण जातात.

दिओलिंदा: थांबव.

बेनेदिता: पण आजी...

दिओलिंदा: थांबव म्हणते ना. ग्रासा, मोकळ्या रानातून जायचंय म्हणालीस तू मला.

ग्रासा: म्हणाले. खरं सांगितलं असतं तर आली असतीस?

दिओलिंदा: मुळीच नाही.

ग्रासा: मग काय करू मी? समुद्र दिसायला नको म्हणून इतकी वर्षं मावशीच्या घरी जाऊन राहिलीस. माझ्या लग्नाचं जेवण किनाऱ्यावर होतं, तर चर्चच्या दारातूनच माघारी फिरलीस. एकदा तरी तू आमच्याबरोबर हवी होतीस गं. बस, एवढंच.

बेनेदिता: आजोबांमुळे?

दिओलिंदा: तुझे आजोबा होडी घेऊन गेले, बाळ, आणि परत आली ती दोन फळकुटं. ज्यानं माझा माणूस गिळला, त्याच्या अंगावरून मी खुर्चीत बसून मिरवतेय. वर म्हणतेय, जोरात ढकल.

ग्रासा: चल, फिरू मागे. तियागू बेटावर वाट बघत असेल, त्याला फोन करते मी. चुकलंच माझं.

दिओलिंदा: थांब जरा. तो बुवा खोक्यावर बसून काय करतोय?

बेनेदिता: मासे पकडतोय. बर्फाला भोक पाडतात आणि गळ सोडतात.

दिओलिंदा: भोकात पाणी दिसतं?

बेनेदिता: काळंभोर दिसतं. बघायचंय?

ग्रासा: आई, उतरू नकोस, घसरशील. अगं... बरं, माझा हात तरी धर.

दिओलिंदा: त्याला सांग त्याच्या भाषेत, म्हातारीला पाणी बघायचंय.

ग्रासा: सांगितलं. तो म्हणतो, खुशाल बघा, पण हातमोजा भिजवू नका.

दिओलिंदा: हा काढला हातमोजा.

बेनेदिता: बोट कशाला बुडवलंस? गारठेल ना. शी, आणि चाटतेस काय?

दिओलिंदा: मीठ कुठाय ह्याच्यात?

ग्रासा: इथे नद्या फार येऊन मिळतात. जवळजवळ गोडंच असतं पाणी.

दिओलिंदा: ग्रासा, हा तो नव्हे.

बेनेदिता: पण सगळे समुद्र एकमेकांना जोडलेले असतात, आजी. शाळेत शिकवलंय.

दिओलिंदा: असू देत. तुझी आई आणि तुझा मामा एका पोटचे. आहे का स्वभाव सारखा?

बेनेदिता: मामा तर फोनसुद्धा करत नाही.

दिओलिंदा: तेच म्हणतेय मी.

ग्रासा: आई, रडतेस का?

दिओलिंदा: थंडीनं पाणी येतंय डोळ्यांना. उठव मला. नाही, खुर्चीत नको. खुर्चीत तो केक ठेव. मी चालते.

ग्रासा: अजून बरंच लांब आहे गं.

दिओलिंदा: मासळीची टोपली डोक्यावर घेऊन वाळूतून पळायची मी. तुझा बाप मागून ओरडायचा, जरा हळू चाल, लोक म्हणतील बायको पळून चालली. बेने, ऐकलंस? कसा कुरकुरतोय पायाखाली. कुरकुर म्हणावं.

बेनेदिता: आजी, तू नाचतेयस?

दिओलिंदा: पाय गरम करतेय. बघतेस काय, तूही कर. तो मासेवाला हसला तर हसू दे.

ग्रासा: थांबा दोघी. तियागूचा फोन आहे. सूप निवतंय म्हणतो, आणि कुठे अडकलात विचारतोय. काय सांगू?

दिओलिंदा: दार उघडं ठेव म्हणावं. समुद्रावर गेलेली माणसं घरी येतायत.