फिल्टर धुवायचा शनिवार

नाही नाही नाही, फिल्टरचा प्रश्नच येत नाही, ते तुम्ही आधी डोक्यातून काढून टाका — कल्पेशभाई ना? हां, कल्पेशभाई — खाली गेटपाशी तुम्ही तेच विचारलंत, तीन जिने चढून आल्यावर पुन्हा तेच, 'काका, फिल्टर कधी साफ केला?' अहो, माणूस बघून विचारत जा! एकतीस वर्षं काढली मी इथल्या धाग्याच्या कारखान्यात, युटिलिटीचा सुपरवायझर म्हणून — युटिलिटी म्हणजे वाफ, पाणी, दाबाची हवा, थंड हवा, सगळं आमच्याकडे. दोनशे टनांचे चिलर सांभाळले या सुधाकरनं, तुमच्या या दीड टनाच्या डब्याचं काय कौतुक सांगता? फिल्टर म्हणे. गॅस गेलाय, गॅस. नाहीतर कंडेन्सरवर धूळ बसली असेल, आमच्या या आमली भागात धुळीला काय तोटा — चला, बाहेरचं युनिट गॅलरीत आहे, आधी ते बघा. आणि हळू बोला जरा. आत लीला झोपलीय. माझी बायको.

परवा संध्याकाळपासून सुरू झालं बघा. आधी हवा कमी झाली, मग नुसतीच कोमट यायला लागली, आणि कालपासून आतल्या युनिटमधून पाणी टपकतंय, अगदी पलंगाच्या पायथ्याशी — बादली लावलीय मी. मधूनच आत काहीतरी कडकन वाजतं. कंपनीला फोन केला तर म्हणे तीन दिवसांनी माणूस येईल. तीन दिवस! मे महिना चाललाय, त्रेचाळीस डिग्री बाहेर. मी जळगावचा माणूस, मला उन्हाचं काय, मी गच्चीवर तापल्या पत्र्याखाली झोपेन. पण तिला घाम येत नाही हो. नाही कळलं? मानेचा मणका गेलाय तिचा, छातीखाली काही नाही — हात थोडे हलतात, बाकी सगळं बंद. आणि डॉक्टर म्हणाले, घामसुद्धा बंद. म्हणजे मशीन चालू आहे आणि कूलिंग टॉवर बंद. बाहेरची उष्णता आत शिरते ती आतच राहते. ताप नव्हे तो, औषधानं उतरत नाही. काल शंभर होता, सकाळी एकशे एक, तुम्ही यायच्या आधी थर्मामीटर लावला तर एकशे एक पॉइंट आठ. एकशे दोनच्या वर गेला तर दवाखान्यात आणा म्हणालेत. आता आणायचं कसं? लिफ्ट नाही, चौघांनी चादरीत धरून उतरवायचं — मार्चमध्ये असंच नेलं होतं तर पाठीला जखम झाली, ती आत्ता कुठे भरतेय. आणि केसरबाई, तिचं सगळं करणारी बाई, ती भाचीच्या लग्नाला सुरंगी गावी गेलीय. म्हणजे मी एकटा. ओले टॉवेल ठेवतोय, पंखा लावलाय, पण गरम हवाच फिरवतो तो पंखा. कल्पेशभाई, आज हा एसी चालायला पाहिजे. आज म्हणजे आत्ता.

काय झालं होतं? बाथरूममध्ये पडली. गेल्या वर्षी जूनमध्ये. पाय घसरला, मान आपटली, संपलं. या, या गॅलरीत.

हे बघा — आहे की नाही बर्फ? पाइपवर बर्फ! मी म्हटलं नव्हतं, गॅस कमी आहे? बर्फ धरला की गॅस कमी, हे तर शेंबडं पोर सांगेल. लावा तुमचा मीटर. कमी दाखवतोय ना प्रेशर? मग झालं तर, भरा गॅस, मी पाणी आणतो तुम्हाला. — का? का नाही भरणार? हवा कमी मिळाली तरी बर्फ धरतो, हो, धरतो, मला माहीत आहे ते, कॉइलवरून हवाच गेली नाही तर थंडी तिथेच साचते आणि बर्फ होतो, मग तोच बर्फ हवेची वाट आणखी अडवतो, प्रेशरही कमीच दाखवतो — हेच मी तीसतीस नव्या पोरांना शिकवलंय, तुम्ही मला शिकवू नका. पण हवा कमी का मिळेल? फिल्टर स्वच्छ आहे म्हणतोय ना मी! तुमचा विश्वास नाही? थांबा, इकडे या. हे कपाटाचं दार उघडतो. हा तक्ता बघा. दुसरा आणि चौथा शनिवार, तारीख, काम, खूण, सही. कारखान्यात असाच असायचा. गेल्या जूनपासून एक शनिवार सुटलेला नाही, मोजा हवं तर. आणि आमच्याकडे काम न करता सही केलेली सापडली तर त्या माणसाला मी तीन दिवस घरी बसवायचो — बिनपगारी. रडायचे लोक, पायाशी यायचे, मी ऐकायचो नाही. मशीनशी खोटं बोलायचं नाही, मशीन लक्षात ठेवतं, असं म्हणायचो मी. मोठा शहाणा.

काय बघताय? सगळ्या खुणा एकाच पेनाच्या? मग असेल, एकच पेन आहे घरात.

बरं. उघडून बघायचंय? बघा ना, मी कुठे नाही म्हणतोय, पण चढणार कशावर? तुमची शिडी सामरवरणीला साइटवर राहिली? — वा, एसीवाला आणि शिडी नाही! आमच्याकडे स्टूल नाही. नाही म्हणजे नाही. खुर्ची प्लास्टिकची आहे, ती तुमच्या वजनाला टिकायची नाही. शेजारच्या उषावहिनींकडे आहे शिडी, पण ती मंडळी कालच नाशिकला गेली, कुलूप आहे. कुठे? गॅलरीत? ते होय — ते स्टूल नव्हे, ते पाण्याचं पिंप ठेवायला आहे. हां, खाली स्टूलच आहे, दिसतंय मला, लोखंडी, माझ्याच कारखान्यातलं भंगारात निघालेलं, पण त्याचं एक रबर गेलंय, डुगडुगतं ते, धरावं लागतं कुणीतरी, ते नको. तुम्ही गॅस भरून बघा ना एकदा. दुप्पट पैसे घ्या. हात जोडतो. दुसरं काहीही करा पण ते स्टूल नको, त्या दिवसापासून मी त्याला आत आणलेलं नाही —

कुठल्या दिवसापासून म्हणजे काय, ती पडली त्या दिवसापासून.

...

हो. बरोबर आहे तुमचं. बाथरूममध्ये स्टूल कशाला येईल.

बसा कल्पेशभाई. दोन मिनिटं बसा, नाहीतर मला बसू द्या. कुणाला बोललेलो नाही मी हे. मृणालला — मुलगी आमची, पुण्याला असते — तिलासुद्धा नाही. ती बिचारी आली धावत, तिनं गवंडी लावला आणि अख्ख्या बाथरूमच्या फरशा फोडल्या, म्हणाली या गुळगुळीत फरशीनं माझ्या आईला खाल्लं. खरबरीत फरशी बसवली, भिंतीला दांडे लावले धरायला. कुणासाठी? जी आता उठणारच नाही तिच्यासाठी? आणि मी दारात उभा राहून बघत होतो. फरशीचा काय गुन्हा होता हो? गवंडी घण घालत होता आणि मी त्याला चहा देत होतो.

पूर्वीचा आमचा एसी खिडकीतला होता, कमरेइतका उंच, त्याची फिल्टरची जाळी लीला पोळ्या लाटता लाटता धुवून टाकायची. हा भिंतीवरचा नवा गेल्या वर्षी घेतला, माझ्याच हौसेनं. लागून पंधरा दिवस झाले आणि शनिवार आला. मी सकाळीच तक्ता चिकटवला, आणि काय सांगू, पहिली खूणही करून टाकली, काम व्हायच्या आधीच. ती म्हणाली, अहो, इतका नवाकोरा एसी, पंधरा दिवसांत कसली घाण? मी म्हटलं, शिस्त म्हणजे शिस्त. मला उंचीवर चक्कर येते, कान गेलेत माझे कंप्रेसरच्या खोलीत, तोल राहत नाही. म्हणून ती चढली. साडीचा पदर खोचून. मी खाली स्टूल धरलेलं, दोन्ही हातांनी, घट्ट. असं.

आता तुम्हाला कंप्रेसरची खोली माहीत नाही. तिथे आवाज एवढा की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून आम्ही हातांनी बोलायचो — व्हॉल्व्ह उघड असं, बंद कर असं, प्रेशर वाढलं असं. एकतीस वर्षं! घरी आलो तरी तेच, मला हात न हलवता बोलताच येत नाही, बघताय ना तुम्ही मघापासून. लीला चिडवायची, तुमचे हात बांधले तर तुम्ही मुके व्हाल. तर ती वर, झाकण उघडलेलं, जाळी हातात येईना. तिनं वरून विचारलं, अहो, ही वर ढकलू की खाली ओढू? आणि मी —

मी दाखवलं हो. आधी थोडी वर, मग खाली. असं. दोन्ही हातांनी.

कळलंच नाही मला सोडलं ते. शप्पथ सांगतो, तिचा पाय माझ्या खांद्याला लागला तेव्हा माझे हात हवेतच होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना. तोंडानं सांगितलं असतं तर? दोन शब्द होते, 'आधी वर'. पुढे ॲम्ब्युलन्समध्ये डॉक्टरांनी विचारलं, कशा पडल्या, तर मी तोंड उघडायच्या आधी तीच म्हणाली, बाथरूममध्ये घसरले. मानेला पट्टा, डोळे माझ्याकडे. मला वाचवत होती ती, तेव्हासुद्धा. आणि मी, जो जन्मात कधी गप्प बसलो नाही, तो तिथे गप्प बसलो. अकरा महिने झाले. आम्ही दोघंसुद्धा आपसात बाथरूमच म्हणतो आता.

तर ही झाली फिल्टरची गोष्ट. नाही काढलेला. एकदाही नाही. पहिल्यापासून सगळ्या खुणा खोट्या. दर दुसऱ्या-चौथ्या शनिवारी त्या एसीखाली जाऊन उभा राहतो, वर बघतो, मग कपाटाशी येतो आणि खूण करतो. कंपनीचा माणूस दोनदा फुकट सर्व्हिसला येतो म्हणाला तर मीच नको म्हटलं — तो स्टूल मागेल म्हणून. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तिला पाडलं त्या जाळीसाठी, आणि आता तीच जाळी न धुतल्यामुळे तिला भाजून काढतोय. माझ्यासारखा माणूस मी कामावर एक दिवस ठेवला नसता.

बघू नका असं माझ्याकडे. उठतो मी. पिंप उतरवतो — नको, तुम्ही नका हात लावू, माझं मी करतो. हं. हे घ्या. रबर नाही त्या पायाखाली हा पुठ्ठा दुमडून घालू. काय म्हणालात, जाळी धुवून झाली की बर्फ वितळेपर्यंत एसीचा नुसता पंखा चालवायचा? किती वेळ? तासभर. आणि मग थंड होईल? नक्की? तासभर काढेल ती. टॉवेल बदलत राहतो मी. मेन स्विच बंद केलाय मी, बघून घ्या तुम्ही पण.

या आत. पडदे लावलेत म्हणून अंधार आहे, दिवा लावतो. तो टॉर्च जरा — अरे देवा. जाळीवर तर घोंगडी बसलीय. कापूस लोंबतोय. आणि मी इथेच, हिच्या पायाशी बसून रोज ग्लुकोजचं पाणी पाजतोय, वर मान करून बघितलं नाही. इथे ठेवा स्टूल, पलंगापासून लांब. थोडं आणखी. पडलात तर तिच्यावर नको. — नाही, तुम्ही पडणार नाही, मी आपलं बोललो. धरणारं दुसरं कुणी नाही ना इथे? मीच. दुसरं कोण असणार.

काय गं? जागी आहेस? — कधीपासून? — सगळं?

पाणी देऊ का? — बरं, नको. — काय? मोठ्यानं बोल जरा, माझे कान... — हो. हो, धरतो.

ती म्हणते, बाथरूम नका म्हणू आता. ती म्हणते, अहो, बोलू नका, नुसतं धरा.

धरलंय, कल्पेशभाई. हे बघा, दोन्ही हात. चढा तुम्ही. जाळी कशी निघते ते तुम्हाला माहीत आहे ना? नक्की माहीत आहे ना? मग चढा, आणि खाली येईपर्यंत वरून मला काही विचारू नका.