ऐकणारी चिप, बोलणारी चिप

(सावित्रीकाठचं गाव, पोलादपूरच्या खाली. ठकूबाईच्या पडवीत तिचा मुलगा सरपंच दत्ताराम आणि गावाला पुराचा भोंगा बनवून देणारी महाडची इंजिनीयर रिम्शा.)

दत्ताराम : ते काय नाय. भोंग्याला चोवीस बिटवाली चिपच घे. शेजारच्या गावानं सोळाची बसवलीय, आपण खाली कसं जायचं?

रिम्शा : काका, ती डॅक आहे. आकड्यांचा आवाज करून देते. म्हणजे बोलणारी चिप. सोळा घ्या नाहीतर चोवीस, भोंग्यातून खरखर तीच येणार.

दत्ताराम : आमदारसायबांचा संदेश वाजायचाय गो त्यावर. मग माझे दोन शब्द. खरखर चालणार नाय.

रिम्शा : आणि एडीसी? ती ऐकणारी. पुलाच्या खांबाला सेन्सर लावला की पाण्याबरोबर त्याचं व्होल्टेज चढतं. एडीसी त्याचा आकडा करते, तेव्हा भोंग्याला कळतं कधी वाजायचं ते. तुम्ही यादीतून तीच काढून टाकलीत.

दत्ताराम : तिचं उद्घाटन कसलं करणार? पुलाखाली बघायला जातंय कोण?

रिम्शा : मग मायक्रोकंट्रोलर घ्या. दोन्ही कामं एकाच चिपमध्ये. त्याचा कान जरा जाड असतो, पण सावित्री काही कुजबुजत येत नाही.

दत्ताराम : दोन्ही करणारा एकपण धड करत नाय. आमच्या पंचायतीत हायत असे मेंबर.

रिम्शा : मग पाणी वाढलेलं कळणार कसं?

दत्ताराम : मी दाबीन की बटण मोबाईलवरनं. रात्रीचा मी पोलादपूरच्या घरी असतो, तिथं रेंज फुल हाय.

रिम्शा : आणि तुम्हाला कोण सांगणार?

दत्ताराम : आई हाय ना! खालच्या आळीत पयलं घर आपलंच. पाणी दिसलं की फोन करील.

ठकूबाई : थांब रे दत्ता. म्हंजे पाणी माझ्या दारात आलं की मी तुला सांगायचं, नि मग तू भोंग्यातनं मला सांगणार, पाणी आलं?

दत्ताराम : तुला एकटीला नाय गो, अख्ख्या गावाला.

ठकूबाई : आमदारांचं बोलून झाल्यावर.

दत्ताराम : आई, तुला टेक्निकल कळत नाय.

ठकूबाई : नाय कळत. पण मागल्या पुरात लावला व्हता मी फोन. चुलीत पाणी शिरलं तवा. नुसता वाजत रायला.

दत्ताराम : कधी? बोलली नायस मला!

ठकूबाई : काय बोलायचं? झोपला असशील. ह्या पोरीचा बाप, गनी, टेम्पो घेऊन दारात आला म्हणून तुझी आई हाय आज.



रिम्शा : काका, ऑर्डर आजच द्यायला हवी. कुठली सांगू?

दत्ताराम : ती जाड कानाची घे.

रिम्शा : आणि तुमचे दोन शब्द?

दत्ताराम : ऱ्हाऊ दे. नुसता भोंगा वाजू दे. पोलादपुरापर्यंत ऐकू जाईल, असा.